मदत हवी आहे: पीएचडीनंतर जर्मनीत पोस्टडॉक घेतली तर परतीची वाट राहते का?

नमस्कार मंडळी,

पुण्यात स्ट्रक्चरल बायॉलॉजीमध्ये पीएचडी करतोय. थीसिस सबमिट झालाय, व्हायव्हा (तोंडी परीक्षा) दिवाळीनंतर. वय ३१. हायडेलबर्गच्या एका लॅबकडून दोन वर्षांच्या पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधन-नोकरीची) ऑफर आहे आणि महिनाअखेरीस कळवायचंय. काम क्रायो-ईएमचं: प्रथिनं क्षणात गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रचना शोधायची. मला आयुष्यभर हेच करायचंय, त्यामुळे ऑफर आली तेव्हा फार आनंद झाला.

पण मला शेवटी भारतातच स्वतःची लॅब उभी करायची आहे, शक्यतो पुण्या-मुंबईत. आणि इथल्या योजना वयाला बांधलेल्या आहेत. इन्स्पायर फॅकल्टी या तरुण संशोधकांसाठीच्या सरकारी फेलोशिपला ३२ ची मर्यादा, म्हणजे जर्मनीला गेलो की ती हातची गेली. नॅशनल पोस्टडॉक फेलोशिप ३५ पर्यंत मिळते, पण ती दोनच वर्षांची. परदेशातून परतणाऱ्यांसाठी रामानुजन फेलोशिप आहे, पाच वर्षांची. कागदावर वाट दिसते. पण पाच वर्षांनी संस्थेने कायम केलं नाही तर चाळिशीत पुन्हा अर्ज करत फिरायचं का? ज्यांनी हे पार केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा, न जमलेल्यांनीही.

दुसरं, तिथल्या लॅबचे प्रमुख सर म्हणतात, "आधी ये, मेरी क्युरी फेलोशिपचा (युरोपीय संघाच्या संशोधन फेलोशिपचा) अर्ज इथूनच करू." आलेल्या माणसाला ती मिळते का?

आणि घरचं. बायको साताऱ्यात सहकारी बँकेत आहे, कायम नोकरी. तिने ती सोडावी असं मला अजिबात वाटत नाही, पण दोन वर्षं वेगळं राहणंही नको वाटतं. कुणाच्या जोडीदाराला तिकडे काम मिळालं का?

---

प्रतिसाद:

मी तिकडे चार वर्षं होतो, आता इथे शिकवतो. मेरी क्युरीचा नियम नीट वाचा: अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत, जिथे फेलोशिप करायची त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. तारीख बहुधा सप्टेंबरात असते. जानेवारीत रुजू झालात तर त्याच वर्षीचा सप्टेंबर गाठा, पुढच्या वर्षी जर्मनीसाठी दार बंद. हे सरांना आजच लिहा.

पगार करारावर आहे की स्टायपेंडवर, तेही विचारा. करार टीव्ही-एल ई-१३ चा (तिथल्या सरकारी वेतनश्रेणीचा) असेल तर पेन्शन आणि आरोग्यविमा त्यातच येतो, स्टायपेंडमध्ये ते तुमचं तुम्ही बघायचं. ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांसाठीचा युरोपीय निवास-काम परवाना) मिळालं तर वहिनींना काम करायची परवानगी असते, पण बँकेतल्या कामाला चांगलं जर्मन लागेलच. त्यांना राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा मिळते का ते आधी पाहा.

परतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जा. इन्स्पायरसाठी एवढी चांगली लॅब सोडू नका. मात्र जाण्याआधी सरांकडून एक गोष्ट लेखी घ्या, की प्रोजेक्टचा कोणता भाग तुम्ही पुढे स्वतःचा म्हणून घेऊन जाऊ शकाल. इथल्या मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येतो: "गुरूंच्या कामापेक्षा तुमचं वेगळं काय?" दोन-तीन चांगले पेपर असूनही यावर अडखळलेले उमेदवार मी पाहिलेत.

व्हायव्हाची तारीख ठरली की इथे टाका. अर्जाचा मसुदा मी वाचून देईन.