रापणीचे फोटो: हाताने प्रिंट करू की स्कॅन? (मे महिना, चिरेबंदी घर)

मालवणी_झिलगो:
नमस्कार मंडळी. तीन वर्षं मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून दोराने ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीचे फोटो काढतोय, सगळे बाबांच्या याशिका मॅट १२४जी वर. १२० चा रोल, चौकोनी ६ बाय ६, एका रोलला १२ फोटो. फिल्म इलफर्ड एचपी५, कृष्णधवल. मे महिन्यात चाकरमानी गावी असतात, तेव्हा १८ फोटोंचं प्रदर्शन लावतोय. एका ओळखीच्यांनी जुन्या चिरेबंदी घराची पडवी आणि माजघर त्यासाठी मोकळं करून दिलंय.

हा कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून बघावं लागतं. समोरच्याकडे कुणी डोळे रोखलेत असं त्याला वाटत नाही. दोर ओढणारी माणसं ओढत राहतात. एका म्हाताऱ्यांनी तेवढं विचारलं, "ह्यो बापाशीचो कॅमेरो मां रे?" आणि परत दोराला हात घातला. त्यांचाच फोटो मला सगळ्यात मोठा लावायचाय. ओल्या दोराचा पीळ, त्यावर आवळलेली बोटं, नखांत अडकलेली वाळू.

मित्र म्हणतात, स्कॅन करून प्रिंट काढ, कुणाला फरक कळणार आहे? मला कळतो. पण आमच्या हवेत हाताने केलेले प्रिंट टिकतील का? आणि एका लॅबने माझे दोन रोल ओरखडे पाडून परत दिले, त्यामुळे बाहेर देण्याची हिंमत होत नाही.

दादरची_डार्करूम:
हातानेच करा. फायबर, म्हणजे साध्या कागदी पायाचा फोटो पेपर घ्या. प्लास्टिकचा थर असलेला आरसी पेपर पटकन धुऊन होतो, पण भिंतीवर फायबरची खोली वेगळीच दिसते. टिकणं हवेपेक्षा धुण्यावर जास्त अवलंबून असतं. हायपो, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या फिक्सरमधलं रसायन, कागदात राहिलं तर पुढे पिवळे डाग येतात. फिक्सर दोन ट्रेमध्ये करा, मग हायपो काढून टाकणारं हायपो क्लिअरिंगचं द्रावण, मग भरपूर वाहतं पाणी.

फिल्मही घरीच धुवा. एचपी५ ला आयडी-११ हा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), पाण्यात एकास एक, २० अंशांना १३ मिनिटं. मेमध्ये तुमच्या नळाचं पाणी ३० च्या आसपास असेल, तेव्हा बर्फाच्या घमेल्यात बाटल्या ठेवा. डेव्हलपर, फिक्सर आणि शेवटचं धुणं, सगळं जवळजवळ एकाच तापमानाला ठेवा.

फ्रेमवाला_रत्नागिरी:
मी फक्त भिंतीचं सांगतो. चिरा, म्हणजे जांभा दगड, ओल धरतो. फ्रेम भिंतीला चिकटवू नका, मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळेल. काच आणि प्रिंट यांच्यामध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट हवीच. प्रिंटवरचं जिलेटिन दमट हवेत काचेला चिकटलं की सोडवताना फोटो गेलाच. मागे साधा हार्डबोर्ड नको, ॲसिड-फ्री बोर्ड घ्या. खर्च वाढेल, पण तिथे हात आखडू नका.

खाडीकाठची:
माझे आजोबा रापणीला होते. लहानपणी पहाटे त्यांच्याबरोबर जायचे, परत येताना टोपलीत वाट्याचे बांगडे. फोटोखाली माणसांची नावं लिहा, त्यांना विचारून. आणि उद्घाटनाला त्यांनाच आधी बोलवा.

मालवणी_झिलगो:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री न्हाणीघराला काळं कापड लावून पहिला प्रिंट केला, १२ इंची चौकोनी. दोन वेळा जास्त काळा झाला. तिसऱ्यांदा हाताच्या भागाला एन्लार्जरखाली (फिल्मवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र) चार सेकंद कमी उजेड दिला आणि ट्रेमध्ये नखांतली वाळू हळूहळू वर आली. आई दाराबाहेरून विचारत होती, झालं का, जेवण गार होतंय.

ताई, तुमचं पटलं. आज संध्याकाळी तो प्रिंट घेऊन फोटोतल्या त्या आजोबांकडे गेलो. त्यांनी तो दिव्याखाली धरला, आपला हात फोटोतल्या हाताशेजारी ठेवला आणि बराच वेळ बघत बसले. मग नाव लिहायला हो म्हणाले.