शब्दचर्चा: 'युअर्स फेथफुली' कुठं अन् 'युअर्स सिन्सिअरली' कुठं?

बर्डीवाला काका:
मंडळी, एक शंका आहे. माझी पुतणी मिहानमधे एका कंपनीत लागली, तिचे ईमेल इंग्लंडच्या लोकांना जातात. परवा तिनं सुरुवात केली 'हाय' अन् पुढं त्या बाईचं पहिलं नाव, आणि शेवटी ठोकून दिलं 'युअर्स फेथफुली', तर तिचा टीम लीड हसला म्हणे. आता ती मले विचारून राहिली का काका, चुकलं काय? आम्ही तर शाळेत रजेच्या अर्जाले 'युअर ओबिडिअंट स्टुडंट' अन् बाकी सगळीकडं फेथफुली शिकलो, त्याच्यापुढं गाडी गेलीच नाही. 'आपला विश्वासू' म्हणजेच ते ना? मग हसाचं काऊन?

धरमपेठची काकू:
भाऊ, शब्द चुकला नाही, जोडी चुकली. ब्रिटिश रिवाजात शेवट सुरुवातीवरून ठरतो. 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' लिहिलं, म्हणजे नाव घेतलंच नाही, तर 'युअर्स फेथफुली'. 'डिअर मिसेस' अन् पुढे आडनाव असेल तर 'युअर्स सिन्सिअरली'. मी वर्गात पोरांना सांगायची, दोन एस एका पत्रात येऊ देऊ नका, सर आणि सिन्सिअरली. अमेरिकेत नुसतं 'सिन्सिअरली' किंवा 'सिन्सिअरली युअर्स' चालतं, फेथफुली तिकडे फारसं कोणी लिहीत नाही. पण 'हाय' म्हटल्यावर यातलं काहीच नको हो, साधं 'रिगार्ड्स' नाहीतर 'काइंड रिगार्ड्स' पुरे. तर्री पोह्याच्या ठेल्यावर जाऊन 'आपला कृपाभिलाषी' म्हणत प्लेट मागितल्यासारखं होतं ते.
आणि हो, 'युअर्स'मधल्या एसच्या आधी ॲपॉस्ट्रॉफी नसते! हे लिहून लिहून माझा लाल पेन संपला. पहिल्या शब्दाचंच पहिलं अक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान, मग स्वल्पविराम.

मोडीवाला:
काकूंनी नियम सांगितला, पण मुळात 'युअर्स' कशाला, मी काय त्या क्लायंटच्या मालकीचा आहे का? तर गंमत अशी की हा एका लांबलचक वाक्याचा उरलेला शेपूट आहे. पूर्वी साहेब लोक लिहायचे 'आय रिमेन, सर, युअर ओबिडिअंट सर्व्हंट', म्हणजे मी आपला आज्ञाधारक सेवक आहे तसाच आहे, आणि त्याखाली सही, म्हणजे वाक्य सहीपाशी पूर्ण व्हायचं. पुढे 'आय रिमेन' गळून पडलं, 'युअर्स' तेवढं लटकत राहिलं. आपल्याकडच्या अर्जातलं 'थँकिंग यू' पण तसंच अधांतरी, 'थँकिंग यू, आय रिमेन' असं धरलं तरच ते व्याकरणात बसतं.
मराठीचा शेवट वेगळ्याच घाटाचा होता. 'बहुत काय लिहिणे', 'कळावे, लोभ असावा ही विनंती', यात मी तुमचा कोण हे सांगत नाहीत, लिहिणं आवरलं एवढंच सांगतात. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी मुद्रा असायची, म्हणजे मजकूर इथं संपला, आता खाली कोणी काही घुसडू नये. त्यामानाने 'आपला विश्वासू' मला तरी इंग्रजीची उसनवारीच वाटते.

इतवारीचा पोट्टा:
सिन्सिअर म्हणजे 'मेणाशिवाय' ना? मूर्तीच्या भेगा मेणानं बुजवत, म्हणून बिनमेणाची ती अस्सल. एका ट्रेनिंगमधे सांगितलं होतं बावा.

धरमपेठची काकू:
गोष्ट छान आहे पण खोटी आहे. लॅटिनमधे 'सिन्सेरस' म्हणजे शुद्ध, निर्भेळ, तिथून तो आला. मेणाची व्युत्पत्ती कोशकार मानत नाहीत. ट्रेनिंगवाल्यांना मात्र फार आवडते.

मिहानवाली:
आमच्या हापिसात 'थँक्स अँड रिगार्ड्स' चालतं, सगळ्यांना, अगदी ज्याच्यावर चिडून मेल लिहिला त्यालासुद्धा 🙂 आभार कशाचे ते कोणी विचारत नाही. नुसतं 'रिगार्ड्स' आलं तर मी समजते की समोरचा तापला आहे.

बर्डीवाला काका:
काकू, तुमचं सगळं वाचून दाखवलं पोरीले. तिनं लगेच 'काइंड रिगार्ड्स' लिहून मेल पाठवला. अन् खाली तिच्या सहीत कंपनीनं आधीच 'थँक्स अँड रिगार्ड्स' सेट करून ठेवलं होतं, ते पण गेलं. आता एका मेलात दोनदा निरोप, टीम लीड पुन्हा हसून राहिला.