एकटं राहताय? तब्येत, सुरक्षितता आणि स्वतःचं स्वतः करणं: पुण्यातले अनुभव

मुलं बाहेरगावी आणि आईवडील इथे, हे आता पुण्यात घरोघरी आहे. साठीपुढचे आणि त्यांची काळजी घेणारे, दोघांनीही लिहा. औषधांची नावं नकोत. घरात, रस्त्यावर, बँकेत तुम्ही काय बदललंत ते हवं.

सदाशिव पेठ, वय ७६
इमारत जुनी, लिफ्ट नाही. मी सुरुवात बाथरूमपासून केली. कमोडशेजारी आणि नळाजवळ भिंतीत पक्क्या बसवलेल्या स्टीलच्या दांड्या घेतल्या. टॉवेलची दांडी धरून कधीच उठू नका, ती माणसाचं वजन पेलण्यासाठी नसते. सरकणारी पायपुसणी काढून रबरी बुडाची आणली. पलंगापासून संडासापर्यंत छोटा दिवा रात्रभर चालू असतो.

रात्री जाग आली की आधी पाय खाली सोडून जरा बसते, मग उठते. बीपीच्या गोळ्या चालू असल्या की उभं राहताना दाब एकदम उतरू शकतो आणि भोवळ येते. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून नेते, आयुर्वेदिक आणि झोपेच्यासुद्धा. त्यांनी झोपेची गोळी हळूहळू कमी करत बंद केली, आणि सकाळी उठल्यावर झोक जायचा तो थांबला. आपल्या मनाने मात्र ती एकदम बंद करू नये.

कोथरूड, वय ७७
चहाला उकळी येईपर्यंत ओट्याला हात टेकून एका पायावर उभी राहते, मग दुसऱ्या. फिजिओथेरपिस्टनी शिकवलंय. नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही, त्याचा वेगळा सराव लागतो.

वाईला बहिणीकडे एकटी जाते. वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची की थेट स्वारगेट. स्टेशनात लिफ्ट आहे, जिना चढावा लागत नाही. पुढे एसटी. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट. कुणी सोडायला येईल म्हणून वाट बघत बसावं लागत नाही, याचा आनंद फार मोठा आहे.

औंध, वय ७१
व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस: "तुमच्या आधारवर पार्सल पकडलंय, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कुणाशी बोलायचं नाही." मी फोन बंद करून शेजाऱ्यांकडे गेलो. अशी अटक कायद्यात नाहीच. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. मी यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घेतली आणि मोठ्या ठेवी ज्या खात्यात आहेत त्याला नेटबँकिंगच ठेवलं नाही.

बंगळूरहून, आई सहकारनगरला
कॅमेरा लावू का विचारल्यावर आई म्हणाली, "माझ्याच घरात माझ्यावर पहारा?" तिचं बरोबर होतं. मग तिनेच व्यवस्था ठरवली. सकाळी आठपर्यंत तिचा मेसेज आला नाही तर मी समोरच्या काकूंना फोन करते, त्या बेल वाजवतात. दाराला आतून कडी लावायची नाही, फक्त लॅच. एक किल्ली काकूंकडे. फ्रिजवर कागद चिकटवलाय: रक्तगट, अॅलर्जी, गोळ्या, आमचे नंबर. खाली ठळक अक्षरांत लिहिलंय की तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर लगेच १०८. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. त्यामुळे "जरा पडून बघते, बरं वाटेल" हे चालणार नाही, असं आईला अनेकदा बजावलंय.

धायरी, वय ८०
फ्लॅट मुलाच्या नावे केला, पण सांभाळण्याची अट बक्षीसपत्रातच लिहून घेतली. मुलगा चांगलाच आहे, तरीही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ मुळे अशी अट मोडली तर न्यायाधिकरणाकडे बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. सल्ला हवा असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

सदाशिव पेठ, पुन्हा
बंगळूरच्या ताई, समोरच्या काकू गावाला गेल्या तर? दुसरी किल्ली आणखी एका घरी ठेवा, आणि ते घर कुणाचं हे आईंनाच ठरवू द्या.