मदत हवी आहे: सांगली ते पुणे, सोबत आजारी आई. खंबाटकी घाट अडला तर साताऱ्यातून कुठून वळावं?

नमस्कार मंडळी,

येत्या मंगळवारी आईला सांगलीहून पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं आहे. तिचं वय ७४, मधुमेह जुना, दिवसातून दोनदा इन्सुलिन. डोळ्याच्या पडद्याला सूज आहे म्हणून इंजेक्शनं चालू आहेत आणि ती ठरलेल्या अंतरानंच व्हावी लागतात. मागची तारीख रस्त्यातच गेली. या वेळी ती चुकून चालणार नाही, म्हणून या रस्त्यानं नेहमी जाणाऱ्यांना विचारतोय.

मागच्या वेळी काय झालं ते थोडं सविस्तर सांगतो, म्हणजे अडचण नेमकी कुठे आहे ते कळेल. सकाळी ११ ची वेळ होती. पहाटे साडेपाचला विश्रामबागहून निघालो, आष्ट्यावरून पेठ नाक्याला हायवेला लागलो. कराडजवळ मलकापूरला कामामुळे वाहनं मुंगीच्या पावलानं सरकत होती, तरी साडेआठच्या आत सातारा गाठलं. तिथे आईला इन्सुलिन देऊन नाश्ता केला. नकाशावर रस्ता मोकळा दिसत होता. आनेवाडीचा टोलनाका गेला, भुईंज गेलं, आणि सुरूर सोडून वेळ्याच्या अलीकडे पुढच्या गाड्यांचे ब्रेकलाइट लागले ते लागलेच. खंबाटकीच्या बोगद्याच्या पलीकडे 'एस' वळणावर कंटेनर आडवा झाला होता. मागे ट्रक, पुढे एसटी, मधे दुभाजक. वळायला जागाच नाही.

साडेबाराच्या सुमारास आई बोलता बोलता गप्प झाली. हात गार, कपाळावर घाम. साखर तपासली तर ६६. पिशवीत ग्लुकोजची पावडर होती, तीन चमचे पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं, ९४ आली, तेव्हा कुठे तिला पोळी-भाजी भरवली. शेजारच्या ट्रकच्या ड्रायव्हरमामांनी न मागता केबिनमधली उशी काढून दिली. दुसरी अडचण स्वच्छतागृहाची. हायवेलगतच्या एका घरातल्या वहिनींनी आई आणि बायकोला आत नेलं, वर चहा पाजला. त्या माउलीचे उपकार विसरणार नाही. पण प्रत्येक वेळी असं घर समोर असेलच असं नाही, आणि आईचे गुडघे दुखतात, तिला कमोडच लागतो.

बोगदा ओलांडून खंडाळ्याला आलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. दवाखान्यात फोन केला तर डॉक्टर तीनला निघणार, पुढची तारीख घ्या म्हणाले. हडपसरला ताईकडे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परतायचा बेत होता, पण आई म्हणाली, "मला घरी ने." परतीची, समोरून घाट चढणारी बाजूही तुंबली होती. मग शिरवळहून लोणंदला वळलो आणि सालपे घाट, वाठार स्टेशन करत वाढे फाट्यावर साताऱ्यात उतरलो. लांब पडलं, पण गाडी चालत राहिली. आईला त्यानंच बरं वाटलं. थांबलेल्या गाडीत ती जास्त घाबरते.

तेव्हापासून डोक्यात एकच आहे: लोणंदचा रस्ता जिथे फुटतो त्या वाढे फाट्यावरच निर्णय घ्यावा लागतो. लिंबखिंड ओलांडून पुढे गेल्यावर घाट बंद असल्याचं कळून काही उपयोग नाही. तर साताऱ्यात असतानाच खंबाटकीची खबर खात्रीनं कशी मिळवायची? नकाशावरची लाल रेघ आम्हाला उशिरा दिसली. १०३३ (हायवेची मदत), ११२ (पोलीस) आणि १०८ (रुग्णवाहिका) हे नंबर माझ्याकडे आहेत, पण ते अडकल्यावर उपयोगाचे. वाई, खंडाळा, शिरवळ भागातल्या लोकांचा रस्त्याच्या खबरीचा एखादा ग्रुप आहे का? आणि नव्या जुळ्या बोगद्यांच्या कामामुळे तिथून सध्या गाड्या कशा सोडतात, हे रोज ये-जा करणाऱ्यांनी सांगितलं तर फार बरं होईल.

दुसरं म्हणजे, सरळ वाढे फाट्यावरूनच वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड आणि दिवे घाटातून हडपसर असं गेलो तर? ताईचं घरही त्याच बाजूला. आम्ही आलो तेव्हा लख्ख उजेड होता. पहाटे किंवा रात्री हा रस्ता कसा आहे? उसाचा हंगाम सुरू झाला की मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांची मला खरी धास्ती आहे. दिवे घाटात सकाळी किती अडकायला होतं? आषाढात याच रस्त्यानं माउलींची पालखी येते, तेव्हा हा पर्याय नसतोच, ते ठाऊक आहे.

रेल्वेचा विचार केला. वंदे भारत रोज नसते, असते तेव्हाही दुपारी पोहोचते. रात्रीची महालक्ष्मी भल्या पहाटे पुण्यात उतरवते. आईला जिना चढवत नाही. सांगली आणि पुणे स्टेशनवर व्हीलचेअर आधी सांगून वेळेवर मिळाल्याचा कुणाचा अनुभव असेल तर आवर्जून लिहा, मी गाडी घरीच ठेवीन.

मिरज हाकेच्या अंतरावर असताना पुण्याला कशाला, असं कुणीतरी विचारेलच, आणि ते रास्त आहे. उपचार ताईकडे असताना पुण्यात सुरू झाले, एवढंच कारण. अर्ध्यावरची इंजेक्शनं सगळे रिपोर्ट घेऊन मिरज-सांगलीत पुढे चालू केलेले कुणी आहेत का? नवे डॉक्टर पुन्हा सगळ्या तपासण्या करायला लावतात का? यावर इथल्या लोकांचं मत मला रस्त्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. जमत असेल तर आईची ही दगदगच वाचेल.

शेवटचं, पेठ नाका ते शिरवळ आणि वाठार ते सासवड या दोन्ही पट्ट्यांत कमोड असलेली, पाणी असलेली, म्हाताऱ्या माणसाला दोन पायऱ्यांपेक्षा जास्त चढावं लागणार नाही अशी ठिकाणं कोणती? हॉटेल असो की पेट्रोल पंप, कुठल्या बाजूला आहे तेही लिहा, दुभाजकामुळे पलीकडचं असून नसून सारखंच.

सोमवारी सकाळीच निघून ताईकडे मुक्कामाला जायचं की मंगळवारी पहाटे, हे तुमच्या उत्तरांवर ठरवीन. रविवार संध्याकाळपर्यंत सांगितलंत तर ताईलाही कळवता येईल.