कोकणातला पाऊस आणि जुने भयकथा-अंक : पिशवीत बंद ठेवायचे की हवेशीर कपाटात? (तिघा जमवणाऱ्यांची चर्चा)

चिरेबंदी
रत्नागिरी ते वेंगुर्ला, जुने अंक जमवणारे बहुतेक जण एकच करतात. काचेच्या कपाटात अंक उभे लावायचे, चार डांबर गोळ्या टाकायच्या आणि पावसाळ्यात मधूनमधून दार उघडून 'हवा खेळू द्यायची'. माझं मत स्पष्ट आहे : ही हवाच अंक खाते. जुलैत किनाऱ्यावर आर्द्रता 85-90 टक्के असते, आणि 65-70च्या वर बुरशी धरायला लागते. डांबर गोळीने कसर थोडी लांब राहते, बुरशीचं काहीच बिघडत नाही. 'फेमस मॉन्स्टर्स ऑफ फिल्मलँड' या अमेरिकन भयपट-मासिकाचे (1958 ते 1983, शेवटचा अंक क्रमांक 191) सुरुवातीचे अंक असोत की 'नवल', 'धनंजय'चे जुने दिवाळी अंक, गेले की गेले. पॉलिएस्टरच्या पिशवीत बंद करा.

मात्र बंद कधी करता यावर सगळं आहे. मेअखेर आभाळ भरून आलं की धावपळ सुरू होते, तोवर उशीर झालेला असतो. कागद पाणी धरून ठेवतो. 80 टक्के दमट हवेत मुरलेला अंक पिशवीत घातला, तर आतही 80च राहणार. हे काम जानेवारी-फेब्रुवारीचं. जमिनीकडून येणारा मतलई वारा असताना, समुद्राकडचा खारा वारा सुटायच्या आधी, सकाळी दहा-अकराच्या सुमारास हवा सगळ्यात कोरडी मिळते. अंक तीन-चार दिवस सावलीत अर्धवट उघडे ठेवा, रात्री डब्यात झाका, मग बंद करा. उन्हात अजिबात नको, कागद पिवळा पडून कडक होतो.

खाडीकाठ
पूर्ण असहमत. जुना स्वस्त कागद, म्हणजे लाकडाच्या लगद्याचा, स्वतःच आम्ल सोडत असतो. हवाबंद पिशवीत ते आम्ल आतच कोंडतं आणि कागद जास्त लवकर ठिसूळ होतो. 1923 पासून निघालेल्या 'वीअर्ड टेल्स' या अमेरिकन भयकथा-मासिकासारख्या अंकांची पानं आधीच कडेने तुटत असतात, त्यांना कोंडणं म्हणजे मरण लवकर आणणं.

कपाटच नीट करा. जांभ्याच्या भिंतीला ओल येते, तेव्हा कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, खाली विटा. आत तळाला 15 वॅटचा साधा पिवळा बल्ब. 28 अंशांची 88 टक्क्यांची हवा 32 अंशांवर नेली की आर्द्रता 70 टक्क्यांवर येते. वर-खाली भोकं पाडली की हवा फिरते. घरोघरी कपड्यांच्या कपाटात हेच करतात.

चिरेबंदी
आम्लाचा मुद्दा खरा आहे, मान्य. त्यावर उपाय अंकामागे घालायच्या पुठ्ठ्यात आहे. कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेला आम्लरहित पुठ्ठा घ्या, साधा खोक्याचा पुठ्ठा नको, तो स्वतःच आम्ल सोडतो. पिशवीही पीव्हीसीची नको. तिच्यातला मऊपणा आणणारा पदार्थ बाहेर येतो आणि मुखपृष्ठाची शाई तिला चिकटते.

बल्बचं मात्र पटत नाही. 70 टक्के म्हणजे बुरशीच्या उंबरठ्यावरच, आणि उष्णतेने कागद लवकर म्हातारा होतो तो वेगळाच. शिवाय पावसात वीज किती वेळ असते? ती गेली की कपाट गार होतं आणि आर्द्रता परत 88 वर. गुळगुळीत मुखपृष्ठांचं तेव्हा सगळ्यात वाईट होतं. त्या कागदावरचा लेप ओलावून मऊ होतो, शेजारच्या मुखपृष्ठाला चिकटतो आणि वाळला की सुटत नाही. ओढलं तर चित्राचा पापुद्राच निघतो.

सड्यावरचा
दोघांनाही एक विचारतो : सिलिका जेल, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे, किती घालता? पाच ग्रॅमची पुडी जेमतेम एक ग्रॅम पाणी धरते. किलोभर कागदात 50 टक्के आर्द्रतेलाही साठ-सत्तर ग्रॅम पाणी असतं. दमट अंकात दोन पुड्या टाकणं हे निव्वळ समाधान. आधीच कोरडे केलेले दहा-बारा अंक रबरी कडेच्या डब्यात ठेवले, तर पाव किलो सिलिका पावसाळाभर पुरावी. नारिंगी दाणे ओल शोषून हिरवे झाले की 110-120 अंशांवर दोन तास भाजून परत वापरता येतात.

आणि आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाण्याने ओलसर करा, विरघळवू नका. मापकासोबत बंद डब्यात दहा-बारा तास ठेवा. 75 दाखवायला हवं. 68 दाखवत असेल तर पुढे प्रत्येक आकड्यात सात मिळवा.

खाडीकाठ
सिलिकाचं गणित पटलं. पण पिनांबद्दल कुणीच बोललं नाही. खाऱ्या हवेत सगळ्यात आधी त्याच गंजतात. भोवती तपकिरी डाग पसरतो, तिथला कागद कुजतो आणि मधलं पान सुटतं. गंज दिसला की पिना काढायलाच हव्यात.

चिरेबंदी
नको! मूळ पिना काढलेल्या अंकाची किंमत जमवणाऱ्यांत उतरते. गंज कोरडा आणि वरवरचा असेल, तर अंक कोरडा ठेवला की तो तिथेच थांबतो.

खाडीकाठ
किंमत महत्त्वाची, कुणाला अंक विकायचा असेल तर. गंजलेली पिन कागदाला चावतच राहते. अंक मधोमध उघडा, पिनेच्या दुमडलेल्या पायाखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सरकवा, बोथट सुरीने पाय सरळ करा आणि पिन आतून बाहेर ढकला. बाहेरून चिमट्याने ओढली तर कणा फाटतो. मग त्याच भोकांतून तागाचा दोरा ओवा. जाड दिवाळी अंकांवर मात्र हे करू नका. त्यांच्या पिना कडेने आरपार मारलेल्या असतात आणि वर मुखपृष्ठ डिंकाने चिकटवलेलं असतं, कणा उकलल्याशिवाय त्या हाती येत नाहीत. तिथे तुमचंच म्हणणं बरोबर, कोरडं ठेवा आणि हात लावू नका.