ऑनलाइन एमबीए निवडताना आधी प्रश्नपत्रिका मागा

माळरान (मूळ लेखन; पुढे टोपणनावांनी आलेले प्रतिसाद)

नोकरी सांभाळून एमबीए करू इच्छिणाऱ्यांची चौकशी बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरू होते: कोणत्या विद्यापीठाचे नाव मोठे? माझ्या मते हा प्रश्न तिसरा असावा. पहिला प्रश्न मान्यतेचा आणि दुसरा परीक्षेचा.

मान्यता तपासणे अवघड नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पात्र संस्थांची यादी असते. ती पाहताना संस्था, अभ्यासक्रम आणि प्रवेशसत्र या तिन्हींची खात्री करावी, कारण एखाद्या विद्यापीठाचे बीबीए यादीत आहे म्हणून त्याचे एमबीएही असेलच असे नाही. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. जाहिरातीत ठळकपणे छापलेल्या, नॅक या महाविद्यालये-विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या ‘ए प्लस’ श्रेणीला मात्र मी फारसे महत्त्व देत नाही. नॅकचे गुण किंवा राष्ट्रीय क्रमवारीतील स्थान ही बहुतेक संस्थांसाठी ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या परवानगीचीच अट असल्यामुळे त्या अक्षराने यादीतल्या दोन संस्थांमधला फरक कळत नाही.

खरा फरक परीक्षेत दिसतो. आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार सत्रान्त परीक्षेला किमान ७० टक्के भार द्यावा लागतो, म्हणजे विद्यार्थी दोन वर्षे काय वाचणार हे ती परीक्षाच ठरवते. म्हणून विद्यापीठाच्या प्रवेश समुपदेशकाचा फोन आला की मागील दोन सत्रांच्या वित्त आणि विपणन या विषयांच्या प्रश्नपत्रिका मागाव्यात. एका प्रश्नपत्रिकेत खेळत्या भांडवलाची, म्हणजे रोजच्या व्यवहाराला लागणाऱ्या पैशाची, व्याख्या विचारून खाली चार पर्याय दिलेले असतात. दुसरीत चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या पुरवठादाराचा ताळेबंद दिलेला असतो. त्याचा मोठा ग्राहक ९० दिवसांनी पैसे देतो, पोलादाच्या व्यापाऱ्याचे पैसे मात्र त्याला ३० दिवसांत चुकते करावे लागतात, तर मधल्या ६० दिवसांची सोय कशी करावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा, असा प्रश्न असतो. हा दुसरा प्रश्न सोडवणाऱ्याला हेही ठाऊक असावे लागते की २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे आणि तरीही, ग्राहक तुटेल या भीतीने, पुरवठादार बहुधा उशिराबद्दलच्या व्याजाची मागणी करत नाही. जी संस्था असा प्रश्न विचारते, तिला उत्तरे वाचणारे प्राध्यापकही ठेवावे लागतात. जी संस्था प्रश्नपत्रिका दाखवायलाच तयार नसेल, तिचे नाव कितीही मोठे असले तरी मी तिथे प्रवेश घेण्याचा सल्ला कोणालाही देणार नाही.

दीपमाळ

मी मनुष्यबळ विभागात काम करते आणि आपल्या मताशी सहमत होऊ शकत नाही. अर्ज चाळताना आमच्यासमोर प्रश्नपत्रिका नसते, विद्यापीठाचे नाव असते. ते नाव वजनदार ठरते त्याचे मुख्य कारण तिथला प्रवेश कठीण असतो. एखाद्याने सीईटी किंवा कॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन जागा मिळवली, एवढ्यावरून शिक्षण सुरू होण्याआधीच त्याच्याविषयी काहीतरी कळते. ज्या ऑनलाइन एमबीएला पदवीचे गुण आणि शुल्क एवढ्यावर प्रवेश मिळतो, तिथला उत्तम विद्यार्थी आणि सुमार विद्यार्थी यांच्या हाती सारखाच कागद येतो.

दुसरे म्हणजे सहाध्यायी. चर्चामंचावर आठवड्याला दोन ओळी लिहिणाऱ्यांशी जी ओळख होते, तिच्या भरवशावर पुढे दहा वर्षांनी फोन करता येत नाही. म्हणूनच मुंबईत राहणाऱ्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेच्या किंवा तशाच एखाद्या संस्थेच्या अर्धवेळ अभ्यासक्रमाचा आधी विचार करावा. कार्यालय सुटल्यावर लोकलने चर्चगेट गाठून वर्गात बसणे दमवणारे आहे हे मला मान्य आहे, परंतु शेजारच्या बाकावर दुसऱ्या कंपनीचा वित्त अधिकारी बसलेला असतो आणि त्याच्याशी घातलेला वाद पुस्तकापेक्षा अधिक शिकवतो.

कोयनाकाठ

आपल्या दोघांच्याही लेखनात मुंबई-पुण्याबाहेरचा विद्यार्थी दिसत नाही. मी पाटण तालुक्यात सहकारी बँकेच्या शाखेत आहे. इथून संध्याकाळच्या वर्गाला जाणे अशक्य आहे आणि नोकरी सोडणे परवडणारे नाही. आमच्याकडे बढतीसाठी मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी लागते. ती कोणत्या विद्यापीठाची आहे याने बढतीच्या अर्जातल्या रकान्यात काही बदलत नाही. अशा माणसाने खासगी विद्यापीठाला लाखांत शुल्क का मोजावे? १९८५ साली स्थापन झालेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ साली नाशिकला सुरू झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ ही दोन्ही नेमकी याच वर्गासाठी उभी राहिली. त्यांचे शुल्क खासगी विद्यापीठांच्या तुलनेत बरेच कमी असते. छापील स्वयंअध्ययन पुस्तके हाताशी असली की रात्री इंटरनेट गेले तरी अभ्यास अडत नाही, आणि पावसाळ्यात आमच्याकडे ते वरचेवर जाते.

प्रश्नपत्रिकेचा मुद्दा मला पटतो, परंतु तो शुल्काच्या नंतर यावा. घरात मुलांचे शिक्षण चालू असताना पाच आकडी आणि सहा आकडी शुल्क यांतला फरक हा प्रश्नांच्या दर्जाइतकाच गंभीर विषय आहे.

शिवारफेरी

शुल्काचा विषय निघालाच आहे म्हणून केवळ एक गोष्ट नोंदवतो. ‘बिनव्याजी मासिक हप्ता’ म्हणून जे सांगितले जाते, ते बहुधा एखाद्या वित्तकंपनीने विद्यार्थ्याच्या नावावर दिलेले कर्ज असते. त्या कंपनीचे नाव समुपदेशकाच्या बोलण्यात येत नाही. ते मोबाइलवर आलेल्या करारनाम्याच्या आतल्या पानावर, ओटीपी टाकण्याच्या चौकटीच्या वर, बारीक अक्षरांत असते. अभ्यासक्रम मध्येच सोडला तरी कर्ज आपोआप थांबत नाही आणि थकलेल्या हप्त्याची नोंद पुढे गृहकर्ज घेताना आडवी येते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरील प्राप्तिकर सवलत जुन्याच करप्रणालीत मिळते आणि त्यासाठी कर्ज बँकेचे किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेचे किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचे असावे लागते. ‘आज रात्री बारापर्यंतच सवलत’ असे सांगितले गेले तर त्या रात्री सही करू नये, हे मी आग्रहाने सांगतो.

माळरान

दीपमाळ, नावाचे वजन मी नाकारत नाही, परंतु ते प्रवेशाच्या काठिण्यातूनच येते हे मला मान्य नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या गीस व्यवसाय महाविद्यालयाने कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षण कंपनीच्या साहाय्याने तुलनेने स्वस्त ऑनलाइन एमबीए उभे केले आणि २०१९ मध्ये स्वतःचे पूर्णवेळ निवासी एमबीए बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. प्रतिष्ठित संस्थेनेच आपले मनुष्यबळ वर्गातून काढून पडद्याकडे वळवले, याचा अर्थ शिकवणे आणि तपासणे नीट झाले तर ऑनलाइन पदवीलाही किंमत येते.

कोयनाकाठ, बढतीच्या रकान्यापुरती पदवी हवी असेल तर आपला क्रम योग्य आहे. परंतु शाखाधिकारी झाल्यावर एखाद्या गूळ उत्पादकाचा कर्जप्रस्ताव आपल्याच टेबलावर येणार आहे, आणि त्या वेळी ताळेबंद वाचता येणे उपयोगी पडेल.

दीपमाळ

इलिनॉयचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ते विद्यापीठ ऑनलाइन येण्याच्या कितीतरी आधीपासून नावारूपाला आलेले होते. लोक त्या नावापाशी आले, प्रश्नपत्रिका वाचून आले नाहीत. तथापि एक गोष्ट मी माझ्या विभागात सुचवणार आहे. ऑनलाइन पदवी असलेल्या उमेदवाराला बाजूला ठेवण्याऐवजी त्याने लिहिलेला एखादा प्रकल्प अहवाल मागवावा आणि मुलाखतीत त्यावरच अर्धा तास प्रश्न विचारावेत. त्यासाठी अर्थातच त्याच्या विद्यापीठाने त्याच्याकडून असा अहवाल लिहून घेतलेला असला पाहिजे.

कोयनाकाठ

अहवालाचे मान्य. मी माझ्याच शाखेच्या थकीत पीककर्जांवर लिहीन. बँकेने आकडे वापरण्याची परवानगी दिली तर येत्या सत्रासाठी अर्ज करतो.