निकॉनची ५० एमएम, हेलिओस आणि एफडी: कॅनन २००डीवर यातलं काय चालेल?

गारगोटी:
बॉडी कॅनन २००डी मार्क २. हाताशी तीन जुन्या लेन्स आहेत: निकॉर एएफ ५० एमएम एफ/१.८डी, हेलिओस ४४-२ (एम४२ आट्यांची, म्हणजे स्क्रूसारखी फिरवून बसणारी) आणि कॅननचीच जुन्या एफडी माउंटची ५० एमएम एफ/१.४. निकॉनसाठी एक स्वस्तातला अडॅप्टर आणलाय. लेन्स बसते, जवळचं झकास येतं. पण फोकस रिंग शेवटपर्यंत फिरवली तरी साधारण २५ मीटरच्या पलीकडचं सगळं मऊ. लेन्स खराब की अडॅप्टर? बाकीच्या दोघींसाठी अडॅप्टर घ्यावेत का? पुढेमागे मिररलेस (आत आरसा नसलेली) बॉडी घ्यायचा विचार आहे, म्हणून उगाच खर्च नको.

पितळी_माउंट:
लेन्स निर्दोष असावी, अडॅप्टर जाड आहे. माउंटच्या पत्र्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर निकॉन एफ माउंटच्या लेन्सला ४६.५ मिमी लागतं, तुमच्या बॉडीच्या कॅनन ईएफ माउंटला ४४. म्हणजे अडॅप्टर बरोबर २.५ मिमी हवा. तो जाड निघाला की लेन्स सेन्सरपासून लांब जाते आणि इन्फिनिटी (अगदी दूरवरचा फोकस) हातची सुटते. किती सुटते याचा ढोबळ हिशेब: फोकल लेंग्थचा (इथे ५० मिमी) वर्ग भागिले जादा जाडी. ५० × ५० = २५००, भागिले ०.१ मिमी, म्हणजे २५,००० मिमी. तुमचे २५ मीटर हेच. कागदाच्या एका पानाएवढी चूक आहे ही! २४ एमएमची लेन्स लावली असती तर त्याच अडॅप्टरवर पावणेसहा मीटरलाच अडकली असती.

डिजिटल व्हर्नियरने खात्री करा. बॉडीला टेकणारा पृष्ठभाग ते लेन्स टेकते तो पृष्ठभाग, एवढंच मोजा. आत शिरणाऱ्या कानांची उंची धरू नका. चार ठिकाणी मोजा. चारही आकडे सारखे आणि २.६ च्या आसपास असतील तर परत करून टाका. घासून पातळ करायच्या फंदात पडू नका, पृष्ठभाग तिरका झाला की फोटोची एक बाजू कायमची मऊ.

उलट थोडा पातळ निघाला तर बिघडत नाही. बरेच उत्पादक मुद्दाम पातळ ठेवतात. रिंग इन्फिनिटीच्या किंचित पुढे जाते, अंतराची पट्टी चुकते, एवढंच.

सुई_वर_काटा:
एफडीसाठी काही घेऊ नका. एफडीला ४२ मिमी लागतात, ईएफ बॉडीत आधीच ४४ आहेत. अडॅप्टरची जाडी शून्य धरली तरी वरच्या हिशेबाने सव्वा मीटरच्या पुढे फोकस नाही. बाजारात मिळणाऱ्या अडॅप्टरात म्हणून एक काच घातलेली असते. ती फोकल लेंग्थ वाढवते, प्रकाश खाते आणि एफ/१.४ वर चित्राचं पार पिठलं करते. ती लेन्स मिररलेससाठी राखून ठेवा.

हेलिओस मात्र बिनधास्त. एम४२ चं अंतर ४५.४६ मिमी, म्हणजे १.४६ मिमीची नुसती धातूची रिंग पुरते. ४४-२ ला ऑटो पिन (दाबली की अपर्चर, म्हणजे प्रकाशाचं छिद्र, मिटवणारी) नसल्यामुळे पिन दाबणारा कठडा असलेला अडॅप्टर घेऊ नका, साधाच घ्या. (४४एम-४ सारखी ऑटो लेन्स असेल तर कठडा हवाच, नाहीतर अपर्चर मिटतच नाही.) ४४-२ ला अपर्चरच्या दोन रिंगा आहेत: टकटक वाजणारी मर्यादा ठरवते, मोकळी फिरणारी प्रत्यक्ष उघडझाप करते. पूर्ण उघडून फोकस करा, मग मोकळी रिंग अडेपर्यंत फिरवा.

इन्फिनिटीला या लेन्सची मागची काच आत सरकते. काही फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडींत आरसा तिला घासतो. तुमच्या बॉडीचा आरसा लहान आहे. तरीही पहिला फोटो जवळच्या फोकसला काढा आणि हळूहळू इन्फिनिटीकडे जा.

गारगोटी:
मोजलं. २.५९, २.६०, २.६०, २.५९. परत करतोय. नवा आला की सेटिंग काय ठेवू? स्क्रीनवर एफ ०० दिसतं, आणि एफ/८ ला व्ह्यूफाइंडर काळोखा होतो.

पितळी_माउंट:
दोन्ही ठीक आहे. बॉडीला लेन्स दिसत नाही म्हणून ००. अडॅप्टर निकॉनच्या अपर्चर लिव्हरला धरत नाही, त्यामुळे अपर्चरची पाती रिंगवरच्या आकड्यावरच मिटलेली राहतात. रिंग फिरत नसेल तर २२ वरचं कुलूप काढा. मोड एव्ही (अपर्चर तुमचं, शटर कॅमेऱ्याचं) किंवा एम (दोन्ही तुमचं); ऑटो आयएसओ चालेल. लहान अपर्चरला व्ह्यूफाइंडरमधून प्रकाश मोजणारा मीटर भरकटतो, लाइव्ह व्ह्यूत (मागच्या स्क्रीनवर) बराच भरवशाचा. फोकस लाइव्ह व्ह्यूत १० पट मोठं करून, पाती उघडी ठेवून.

अडॅप्टर आधी लेन्सला चढवा, मग दोन्ही मिळून बॉडीला. काढतानाही दोन्ही एकत्रच काढा; बॉडीवर असताना नुसती लेन्स काढायला गेलात तर कुलपाची बारीक पट्टी नखाने दाबत बसावं लागतं.

काचवाला:
मिररलेसबद्दल थोडं. सोनी ई माउंटचं सेन्सरपर्यंतचं अंतर १८ मिमी, कॅनन आरएफचं २०, निकॉन झेडचं १६. अंतर इतकं कमी असल्यामुळे तिथे अडॅप्टर लावून तिन्ही लेन्स बसतील, एफडीसुद्धा. पण निकॉन झेड आणि एफटीझेड (निकॉनचाच जुन्या लेन्ससाठीचा अडॅप्टर) घेतलात म्हणून तुमची निकॉर ५० एमएम ऑटोफोकस करणार नाही: तिला बॉडीतल्या मोटरचा स्क्रू लागतो आणि एफटीझेडमध्ये मोटर नाही. सोनीवर ‘लेन्सशिवाय शटर’ हा पर्याय चालू करावा लागतो, नाहीतर बटण दाबून काही होत नाही. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) असेल तर फोकल लेंग्थ हाताने भरा.

एफडीच्या अडॅप्टरवर ओपन-लॉक अशी एक रिंग असते. लेन्सची अपर्चर रिंग ‘ए’वरून काढा, अडॅप्टर ओपनला ठेवून लेन्स चढवा, मग लॉकला फिरवा. लॉकला नेल्याशिवाय पाती हलणार नाहीत; लोक इथेच लेन्स बिघडली समजून दुकान गाठतात.

आणि लांब अडॅप्टर आतून चकचकीत आहे का ते टॉर्च मारून बघा. असेल तर उजेडासमोर फोटो पांढुरके येतात. आतल्या भिंतीला काळा मखमली कागद चिकटवला की भागतं, फक्त तो मागच्या काचेला लागता कामा नये.